कीबोर्डवाल्याचा लाईव्ह शो शूट करायचाय? मग आधी हात बघा

लहानपणी दशावतार बघायला गेलो की मी पायपेटीवाल्याच्या बाजूला जागा धरायचो. राजाची एंट्री असली की पेटी एका अंगाने वाजणार, राक्षस आला की वेगळीच, आणि ती बोटं कशी पळतात ते जवळून बघितलं की नाटकाला दुप्पट मजा यायची. पुढे कॅमेरा घेतला, भजनाच्या बारी, गणपती, लग्नं सगळं शूट केलं, आणि मग एका मित्राच्या बँडचा शो आला, रत्नागिरीत, प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब गाणी, मधेच बदलणारे ताल, मोठे सोलो) वाजवतात, मित्र कीबोर्डवर. मी नेहमीच्या सवयीने गायक आणि गिटारवाल्यावर कॅमेरा ठेवला. व्हिडिओ बघून मित्र एवढंच म्हणाला, "माजे हात खंय गेले रे?" चार मिनिटांचा त्याचा सोलो आणि त्यात बोटं एकदाही धड दिसत नाहीत, मला फार वाईट वाटलं. त्यानंतर त्याचे अजून शो केले, त्यातून जे कळलं ते लिहितोय.

पहिली गोष्ट समजून घ्या. गिटारची तार ओढली, ड्रमवर काठी पडली की आवाज कुठून आला ते लांबूनही कळतं. कीबोर्डचं तसं नाही, त्याच पट्ट्या दाबून कधी पियानो, कधी ऑर्गन, कधी अख्खा कोरस, कधी सिंथचा (विजेवर आवाज घडवणाऱ्या सिंथेसायझरचा) किंचाळणारा लीड, म्हणजे पुढे येणारी मुख्य सुरावट, आणि हे सगळं एकाच गाण्यात. त्यात या संगीतात कीबोर्ड मागे बसून सूर धरणारा नसतोच. इंग्लंडचा कीबोर्डवादक कीथ एमर्सन मूग कंपनीचा भिंतीएवढा सिंथ स्टेजवर घेऊन वाजवायचा, दुसरा तसाच रिक वेकमन १९७१ मध्ये येस बँडमध्ये आला आणि चारी बाजूंनी कीबोर्ड लावून मधे उभा राहायचा. आता तेच आवाज दोन-तीन कीबोर्डमध्ये मावतात, पण बघणाऱ्याला कुठला हात कुठला आवाज काढतोय हे कळायला हवं, ते काम कॅमेऱ्याचं.

त्यामुळे शोच्या आधी किमान एकदा प्रॅक्टिसला जाऊन बसा, फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी येऊन वहीत गाणं मांडा. सुरुवातीला वरचा कीबोर्ड, दोन मिनिटांनी उजवा हात खालच्यावर, मग डावा हात ऑर्गनच्या ड्रॉबारवर (आवाजाचा पोत बदलणाऱ्या सरकत्या दांड्या), असं. ऑर्गनच्या आवाजात लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरचा परिणाम हळूवरून जोरात जातो तेव्हा वादक एक स्विच किंवा व्हील हलवतो, तो क्षण फार सुंदर दिसतो आणि माहीत नसेल तर हमखास चुकतो. पिच बेंडचंही (सूर वर-खाली वाकवणारं व्हील) तेच, बहुतेक कीबोर्डवर ते डाव्या टोकाला असतं, लीड वाजवताना डावा हात तिथे जाणार म्हणजे जाणार. मात्रा मोजायला शिका. ७/८ ऐकून घाबरू नका, रूपक ताल ऐकलेल्या माणसाला सात मात्रा काही परक्या नाहीत, तीन-दोन-दोन टाळी देत ऐकलं की दोन दिवसांत अंगात भिनतं (कधी कधी ते दोन-दोन-तीन असं पडतं, ते वादकालाच विचारा).

कॅमेरे तीन असले तर उत्तम. एक लांबून, अख्खं स्टेज, ट्रायपॉडवर, त्याला शो संपेपर्यंत हात लावायचा नाही. दुसरा वादकाच्या डाव्या खांद्यामागून थोडा वर, यात दोन्ही हात, व्हील आणि चेहऱ्याची कड येते, माझा सगळ्यात आवडता अँगल हाच. समोरून कीबोर्डची नुसती पाठ दिसते, आणि दोन मजली स्टँड असेल तर वरचा कीबोर्ड खालचा हात पूर्ण झाकतो म्हणून समोरच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका. तिसरा डोक्यावरून सरळ खाली, त्यासाठी फोन किंवा छोटा अ‍ॅक्शन कॅमेराही चालतो. हा उलटा लागला तर खर्जाच्या पट्ट्या उजवीकडे दिसतात आणि बघणाऱ्याचा गोंधळ होतो, तेव्हा वादकाला दिसतं तसंच दिसू दे, नाहीतर एडिटमध्ये फिरवा. तो मंडपाच्या बांबूला कधी बांधू नका, बेस वाजला की बांबू थरथरतो आणि सगळा शॉट पाण्यात पडल्यासारखा येतो. लाईटच्या ट्रसला (दिवे टांगायची लोखंडी चौकट) क्लॅम्प करा आणि वरून एक सेफ्टीची तार बांधाच, खाली माणूस वाजवत असतो.

सेटिंग सगळं मॅन्युअल. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, म्हणजे साध्या दिव्यांचा फ्लिकर येत नाही. एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे) आणि मागची एलईडी वॉल मात्र आपल्या मनाने लुकलुकतात, साउंडचेकच्या वेळी सगळे रंग लावून स्क्रीनवर पट्टे येतात का बघा, आले तर शटर थोडं पुढेमागे करा. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर ५० चे ५० मिळतीलच असं नाही, तेव्हा जनरेटर चालू करूनच टेस्ट घ्या. व्हाईट बॅलन्स एकच आकडा लॉक करा, तिन्ही कॅमेऱ्यांवर तोच. निळा आणि जांभळा लाईट हातावर पडला की बोटं सपाट होतात, काही तपशील उरत नाही, म्हणून लाईटवाल्या दादांना आधीच जाऊन सांगा की सोलोला हातावर थोडा पांढरा किंवा पिवळा द्या. प्रेमाने सांगितलं की देतात.

आता आवाज, आणि इथे कंजुषी करू नका. कॅमेऱ्याच्या माईकवर शो कधीच सोडायचा नाही. मिक्सरमधून स्टिरिओ फीड (सगळ्यांचा एकत्र केलेला आवाज) घेतो आपण, पण छोट्या हॉलमध्ये ड्रम आणि गिटारचे अ‍ॅम्प स्टेजवरूनच मोठे ऐकू येतात, त्यामुळे साउंडवाला ते मिक्सरमध्ये कमी ठेवतो आणि तुमच्या फीडमध्ये गायक पुढे, ड्रम गायब असं होतं. जमलं तर प्रत्येक चॅनेल वेगळा रेकॉर्ड करा. नाही जमलं तर निदान कीबोर्डचे डावा-उजवा दोन चॅनेल डीआय बॉक्समधून (वाद्याची वायर थेट रेकॉर्डर-मिक्सरला जोडणारी डबी) वेगळे घ्या आणि हॉलमध्ये दोन माईक लावा, टाळ्या आणि जागेचा आवाज त्यातूनच येतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास, कारण सिंथचा लीड अचानक उसळतो आणि एकदा फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. अजून एक, आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे १४ मीटर लांब ठेवलेल्या माईकला आवाज ४० मिलिसेकंद उशिरा पोचतो, २५ फ्रेमच्या व्हिडिओत ही बरोबर एक फ्रेम झाली. कीबोर्डवर ती फ्रेम टोचते, बोट आधी पडतं आणि सूर मागून येतो. एडिटमध्ये हॉलच्या माईकचा ट्रॅक तेवढा आधी सरकवून जुळवा. शो सुरू व्हायच्या आधी सगळे कॅमेरे चालू करून स्टेजवर एक टाळी मारायला सांगा, आणि शेवटी परत एक, लांब रेकॉर्डिंगमध्ये मशीनची वेळ हळूहळू एकमेकांपासून सरकते, ते शेवटच्या टाळीने कळतं.

आपल्या किनारपट्टीवर हवेचं वेगळं बघावं लागतं. एसी गाडीतून कॅमेरा काढून सरळ मैदानात आणला की लेन्सवर वाफ धरते, बॅग बंदच ठेवून अर्धा तास आधी बाहेर आणा. मालवण-वेंगुर्ल्याकडे समुद्राजवळ शो असेल तर खारा वारा सगळ्यावर बसतो, रात्री घरी आलात की दमला असलात तरी कॅमेरा किंचित ओल्या कपड्याने आणि मग सुक्याने पुसून ठेवा. थंडीत रात्री दहानंतर दंव पडतं, डोक्यावरच्या कॅमेऱ्याला छोटं छप्पर करा. पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते, हवाबंद डबा आणि सिलिका जेल, दर महिन्याला बदलून. आणि लाईट जाणार हे धरूनच चाला. कॅमेरे बॅटरीवर, रेकॉर्डर पॉवर बँकवर, आणि कीबोर्डला यूपीएस, कारण मोठा कीबोर्ड बंद पडला की परत सुरू होऊन आवाज लोड व्हायला वेळ घेतो आणि तोवर बँड ताटकळतो. एका शोला जनरेटरवर बदलताना कीबोर्ड बंद पडला आणि ते गाणं गेलं ते गेलंच, तेव्हापासून यूपीएस मी माझ्या गाडीतूनच नेतो.

कार्डचा हिशोब सोपा आहे, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) असेल तर तासाला ४५ जीबी. जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात, तसा असेल तर दोन गाण्यांच्या मधे बंद करून परत चालू करा, आणि तिन्ही कॅमेरे एकाच वेळी थांबवू नका.

एडिटला बसल्यावर घाई करू नका, दर दोन सेकंदांना कट मारलात तर वादकाने बांधत आणलेला सोलो तुम्हीच मोडता. वहीतल्या नोंदी समोर ठेवा, हात जिथे जातो तिथे कॅमेरा जाऊ दे, कट समेवर किंवा आवाज बदलतो तिथे. मधे चेहरा, मधे ड्रमवाल्याशी होणारी नजरानजर, तीही हवीच. पहिला कट झाला की वादकाला बोलवा आणि आवाज पूर्ण बंद करून दाखवा. नुसत्या हातांवरून त्याला गाण्याचा कुठला भाग चाललाय हे जिथे ओळखता येत नाही, त्या जागा लिहून घ्या आणि तिथले शॉट बदला.