उकडलेली अंडी स्वच्छ सोलण्याची रीत

काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडायचे अंडे गुळगुळीत असावे लागते. टरफलासोबत पांढऱ्याचे लचके निघालेले अंडे रश्श्याला उकळी येताच फुटू लागते, बलक बाहेर येतो आणि रस्सा गढूळ होतो. असे झाले की दोष अंड्यांना दिला जातो, नाहीतर सोलणाऱ्याच्या हाताला. प्रत्यक्षात अंडे सोपे सुटणार की चिकटणार, हे ते पाण्यात पडते त्या वेळीच बरेचसे ठरलेले असते. उकळत्या पाण्यात किंवा वाफेत ठेवलेले अंडे सुटते आणि गार पाण्यात ठेवून हळूहळू तापवलेले अंडे चिकटते, एवढे पाळले तरी निम्म्याहून अधिक त्रास संपतो.

याचे कारण टरफलाच्या आतल्या पापुद्र्यात आहे. टरफलाला आतून दोन पातळ पापुद्रे असतात आणि पांढरा भाग त्यांपैकी आतल्या पापुद्र्याला लागून असतो. पाणी सावकाश तापत गेले, तर पांढऱ्यातील प्रथिनांना त्या पापुद्र्याशी जोडली जाण्यास पुरेसा वेळ मिळतो. एकदम कडक उष्णता लागली, तर पांढऱ्याचा बाहेरचा थर झटकन गोठतो, स्वतःकडे आकसतो आणि पापुद्र्यापासून सुटा राहतो. म्हणूनच अंडी भांड्यात घालून वरून नळाचे पाणी ओतायचे आणि गॅस पेटवायचा, ही घरोघरची सवय सोलण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट आहे.

दुसरी बाब अंड्याच्या वयाची. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्क प्रमाण दाखवणारा आकडा) ७.६ च्या आसपास असतो. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड हळूहळू निघून जातो आणि सामू ९.२ पर्यंत चढतो. सामू चढला की पांढऱ्याची पापुद्र्यावरील पकड ढिली होते. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र असल्यामुळे आपल्याकडच्या दुकानांत पुष्कळदा अगदी ताजी अंडी मिळतात. भुर्जीला आणि ऑम्लेटला ती उत्तम. उकडून सोलायची असतील, तर मात्र चार-सहा दिवस थांबलेली अंडी घ्यावीत. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेल्या अंड्यांत हा बदल भराभर होतो, पण त्याच वेगाने ती खराबही होतात, तेव्हा मे महिन्यात अंडी मुद्दाम जुनी करत बसू नये.

आठवडे बाजारातील गावरान अंड्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. बाजाराचा दिवस येईपर्यंत घरातील कोंबड्यांची अंडी साठत जातात, त्यामुळे एकाच टोपलीत कालचे अंडे असते आणि आठवड्यापूर्वीचेही असते. एक अंडे सहज सोलले जाते आणि लगेच पुढचे हाताला चिकटते, त्याचे कारण हेच. ती वेगळी करण्याचा उपाय जुनाच आहे. पातेलेभर पाण्यात अंडी सोडावीत. ताजे अंडे तळाशी आडवे पडते. थोडे जुने झालेल्याचे बोथट टोक वर उचलले जाते, कारण त्या टोकाशी असलेली हवेची पोकळी दिवसागणिक वाढते. आणखी जुने अंडे तळावर उभे राहते आणि पूर्ण तरंगणारे फेकून द्यावे. टोक उचलणारी आणि उभी राहणारी अंडी उकडायला काढावीत. टरफल पांढरे आहे की तपकिरी, याचा सोलण्याशी संबंध नाही.

आता प्रत्यक्ष कृती. अंड्यांवर दोन बोटे येईल इतके पाणी पातेल्यात घेऊन ते खळखळ उकळावे. अंडी फ्रिजमध्ये असतील, तर पाणी तापेपर्यंत बाहेर काढून ठेवावीत, म्हणजे तडकण्याचे प्रमाण कमी होते. मग झाऱ्यावर एकेक अंडे घेऊन ते पाण्यात अलगद तळापर्यंत न्यावे; वरून सोडल्यास टरफलाला चीर पडते. ही काळजी उन्हाळ्यात अधिक घ्यावी लागते. आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा कोंबड्या सारख्या धापा टाकतात, धापांसोबत त्यांच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि टरफलासाठी लागणारे कॅल्शियम कार्बोनेट कमी तयार होते, म्हणून त्या दिवसांतील टरफले पातळ असतात.

अंडी घातली की पाण्याची उकळी क्षणभर बसते. ती पुन्हा आली की आच मध्यम करावी आणि तिथून मोठ्या अंड्याला ११ ते १२ मिनिटे, लहान गावरान अंड्याला ९ ते १० मिनिटे धरावीत. तोरणमाळसारख्या डोंगरावरील ठिकाणी एखाददोन मिनिटे वाढवावीत. ते समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर असल्यामुळे तिथे पाणी सुमारे ९६ अंशांनाच उकळते. वेळेत काटछाट करू नये. देशातील पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरातच आढळला होता आणि बलकासह अंडे आतपर्यंत ७० अंशांवर शिजवणे ही तेव्हाची सूचना आजही तितकीच लागू आहे. उलट अंडी अर्धा तास उकळत ठेवण्यातही अर्थ नाही. पांढऱ्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड वायू बलकातील लोहाला मिळतो, बलकाभोवती हिरवट करडे कडे धरते आणि वास येतो.

पाण्यापेक्षा वाफ अधिक सोयीची, असे माझे मत आहे. फुणके (डाळीचे वाफवलेले मुटके) वाफवायचे भांडे बहुतेक खानदेशी स्वयंपाकघरांत असतेच. खालचे पाणी उकळून वाफ भरली की चाळणीवर अंडी एका थरात मांडावीत, झाकण घालावे आणि १२ ते १३ मिनिटे वाफवावे. वाफ पहिल्या क्षणापासून कडक असते, अंडी घातल्यावर पाण्यासारखी थंडावत नाही, आणि अंडी एकमेकांवर आपटत नसल्याने तडकतही नाहीत. कुकरमध्येही याच कारणाने अंडी चांगली सुटतात. फक्त प्रत्येक कुकरची आणि शेगडीची वेळ निराळी असते आणि शिटी एकदम उचलून वाफ सोडल्यास टरफले फुटतात.

मीठ, व्हिनेगर आणि सोडा यांचा मोठा बोलबाला आहे. मिठाने अंडे सुटत नाही; चीर पडलीच तर बाहेर येणारा पांढरा भाग मिठाच्या पाण्यात लवकर गोठतो आणि चीर बुजते, एवढाच त्याचा उपयोग. व्हिनेगर टरफलाचा वरचा थर खाते, आतल्या पापुद्र्यापर्यंत त्याचा परिणाम पोहोचत नाही. खाण्याच्या सोड्यामागचा विचार सामू वाढवण्याचा आहे, पण दहा-बारा मिनिटांत टरफलातून फारसे काही आत जात नाही आणि अंड्याला उग्र वास मात्र लागतो. सोडा भज्यांसाठी राखून ठेवावा.

शिजलेली अंडी तत्काळ गार पाण्यात टाकावीत. त्यामुळे आतले शिजणे थांबते, हिरवे कडे धरत नाही आणि अंडे हाताळता येते. येथे आपल्याकडची खास अडचण अशी, की एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी हात भाजेल इतके तापलेले असते आणि त्या पाण्यात अंडी ठेवणे म्हणजे ती आणखी शिजवणेच होय. माठातले किंवा रांजणातले पाणी घ्यावे, ते कोमट झाले की बदलावे, बर्फ असेल तर दोन-चार खडे टाकावेत आणि अंडी दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावीत.

सोलताना सुरुवात नेहमी बोथट टोकाकडून करावी. ते टोक ओट्यावर हलकेच ठोकले की खाली हवेच्या पोकळीची खोलगट जागा लागते. मग अंडे आडवे धरून तळहाताखाली एकदा फिरवावे, म्हणजे टरफलावर सगळीकडे बारीक जाळी पडते. फार दाबू नये, नाहीतर चीर पांढऱ्यापर्यंत जाते. त्यानंतर अंगठ्याचे बोट, नख नव्हे, पोकळीच्या कडेने पापुद्र्याखाली सरकवावे. सगळी कसोटी या जागी आहे. ओलसर, दुधाळ, ताणला जाणारा पापुद्रा बोटाखाली आला की त्याला चिकटलेले टरफलाचे तुकडे पट्टीसारखे सलग निघतात. पापुद्रा बोटाखालून निसटला आणि नुसते टरफल टोकरत बसलो, तर प्रत्येक कपचीबरोबर पांढऱ्याचा टवका जाणार. पापुद्रा सापडत नसेल, तर अंडे पाण्याच्या भांड्यात बुडवून सोलावे. पाणी फटीतून आत शिरते आणि पापुद्रा उचलून धरते.

अंडी डझनांनी सोलायची असतात तिथे हाताची पद्धत वेळखाऊ ठरते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या अंगणवाड्यांत अमृत आहार या सरकारी पोषण योजनेची अंडी उकडणाऱ्या ताईंना हे सांगायला नको. अशा वेळी गार झालेली चार-पाच अंडी झाकणाच्या डब्यात घ्यावीत, तळाला थोडे पाणी घालावे, झाकण घट्ट लावून डबा आडवा हलवावा आणि टरफलांची जाळी झाली की वरीलप्रमाणे सोलावीत. जोर बेताचाच हवा आणि अंडी पूर्ण शिजलेली हवीत. बलक मऊ असेल, तर डब्यात अंड्याचा चेंदा होतो.

सोललेली अंडी लगेच लागणार नसतील, तर सोलूच नयेत. टरफलासह ती फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात, मात्र फ्रिजमध्ये गेल्यावर सोलणे थोडे जड जाते, म्हणून सोलण्याआधी टरफलाला जाळी पाडून पाच मिनिटे पाण्यात ठेवावीत. उन्हाळ्यात फ्रिजबाहेरची उकडलेली अंडी तासाभरात संपवावीत, आणि शेतावर न्यायच्या डब्यात ती दुपारपर्यंत ठेवण्याचा विचार त्या दिवसांत सोडून द्यावा.