जनुकशास्त्राच्या कार्यशाळेसाठी छोटे अनुदान मिळवताना अंदाजपत्रक कसे मांडावे

१. योजना निवडावी. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची सीटीईपी योजना परिषदा, प्रवास, प्रदर्शने आणि लोकप्रिय व्याख्याने यांना साहाय्य देते. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींच्या संयुक्त कार्यक्रमातून महाविद्यालयांतील व्याख्यान-कार्यशाळांना मदत मिळत आली आहे. मुदत आणि ग्राह्य खर्च मूळ सूचनेतूनच वाचावेत.

२. उद्दिष्ट एका वाक्यात लिहावे. ‘जनजागृती’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के का असते, हे नववीचे विद्यार्थी मणी मांडून समजावून देतील,’ हे उद्दिष्ट झाले. (सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार; वाहक म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असल्याने स्वतः सहसा आजारी नसलेली व्यक्ती.) हा आजार तुलनेने जास्त आढळणाऱ्या गडचिरोली किंवा नंदुरबारच्या शाळेत असा उपक्रम फार मोलाचा आहे. मात्र त्यात मुलांची रक्ततपासणी घुसवू नये. पालकांची संमती आणि समुपदेशन यांशिवाय कोणाचे वाहकपण वर्गात उघड होणे मला अक्षम्य वाटते.

३. अंदाजपत्रक मांडावे. मला सर्वाधिक झगडावे लागले ते इथेच, आणि सर्वात वाईट सल्लाही इथेच मिळतो: ‘रक्कम फुगवून मागा, ते कापतातच.’ असे मुळीच करू नये. छोट्या अनुदानाचा परीक्षक बहुधा स्वतः प्रयोगशाळेत काम केलेला असतो आणि फुगवलेला आकडा त्याला लगेच दिसतो. त्यानंतर तो बाकीच्या अर्जाकडेही संशयानेच पाहतो.

आकड्यांची सुरुवात प्रयोगाच्या टेबलापासून करावी. समजा, 40 विद्यार्थी चौघांच्या गटांत बसून जेल इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने डीएनएचे तुकडे जेलमध्ये लांबीनुसार वेगळे करणे) करणार आहेत, म्हणजे 10 नमुने झाले. आठ खाचांच्या जेलमध्ये एक खाच मोजपट्टीच्या डीएनएला (तुलनेसाठी ज्ञात लांबीचे तुकडे असलेल्या डीएनएला) जाते, म्हणून दोन जेल लागतात. 50 मिलिलिटरच्या एक टक्का जेलला अर्धा ग्रॅम ॲगरोज (जेल बनवण्याची पूड) लागते. आदल्या दिवशीच्या चाचणीसाठी आणखी एक जेल धरल्यास एकूण गरज दीड ग्रॅमची. ॲगरोज मात्र इतके सुटे मिळत नाही, म्हणून पूर्ण डबीची किंमत लावावी आणि उरलेले पुढच्या कोणत्या वर्गासाठी वापरणार, हे तिथेच लिहावे. प्रत्येक ओळीमागे असा हिशेब असला, तर कापण्यासारखे फारसे काही उरत नाही.

केळ्यातून डीएनए काढण्याला मीठ, भांडी घासण्याचे द्रव आणि थंडगार अल्कोहोल पुरते. त्यासाठी ‘रसायने’ या सदरात मोठी रक्कम दाखवू नये. जेलची टाकी आणि वीजपुरवठा यंत्र शेजारच्या महाविद्यालयाकडून उसने घ्यावे आणि त्यांचे संमतिपत्र जोडावे, कारण उपकरणखरेदी अशा अनुदानांत सहसा बसत नाही. जेलमधील डीएनए दिसावा म्हणून लागणाऱ्या रंगासाठी शाळकरी मुलांच्या हाती इथिडियम ब्रोमाइड कदापि देऊ नये; ते जनुकांत बदल घडवू शकते. त्याऐवजी वापरायचा मिथिलीन ब्ल्यू हा रंग कमी संवेदनशील आहे, तेव्हा डीएनए जास्त भरावा लागतो. हा वाढीव डीएनएही अंदाजपत्रकात धरावा, कारण नेमकी हीच ओळ विसरली जाते आणि ऐन कार्यशाळेत जेलवर डीएनएच्या पट्ट्या दिसत नाहीत.

४. संस्थाप्रमुखांची सही घेऊन अर्ज मुदतीआधी पाठवावा.

५. प्रत्येक बिल संस्थेच्या नावे घ्यावे. सरकारी अनुदानानंतर उपयोगिता प्रमाणपत्र (निधी मंजूर कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला) द्यावे लागते, आणि त्यातील सदरे मंजूर अंदाजपत्रकाशी जुळावी लागतात. एका सदरातील रक्कम दुसरीकडे वळवायची असल्यास खर्चापूर्वी लेखी परवानगी मागावी.