घरी तोंडाचा पट्टा, शाळेत मात्र गप्प

घरी ज्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, ते मूल वर्गात आलं की हजेरीलाही ओ देत नाही. बाईंनी विचारलं की मान खाली, अंग ताठ. याला हट्ट समजू नका. बोलायची वेळ आली की भीतीने त्याचा आवाजच फुटत नाही. याला ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ म्हणतात. आधी ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे मूल मुद्दाम बोलत नाही अशा अर्थाचं नाव होतं. १९९४ मध्ये मानसिक विकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेने ते बदललं, आणि २०१३ पासून याची गणना चिंताविकारांत होते.

नव्या शाळेतला पहिला महिना मोजू नका. घरी अहिराणी किंवा गोंडी आणि शाळेत मराठी, किंवा घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असेल, तर काही महिने गप्प राहणं स्वाभाविकच. पण शाळेत घरच्या भाषेतही बोलत नसेल, मधल्या सुट्टीतही नाही, तर कामाला लागा. कानांची तपासणीही एकदा करून घ्या.

शौचालयाचं आधी ठरवा. अशी मुलं विचारता येत नाही म्हणून दिवसभर लघवी दाबून बसतात. बाकावर एक कार्ड ठेवा. ते उचललं की बाईंनी काही न विचारता जाऊ द्यायचं. ‘तोंडाने माग, मग सोडते’ असं कधीही नको.

‘मूग गिळलेस का?’ हे बंद, ‘बोललास तर चॉकलेट’ हेही बंद. दोन्हींनी भीती वाढते. उलट बाजूची चूक आईबाबांकडून होते. कुणी नाव विचारलं की तेच चटकन सांगून टाकतात. मुलाची त्या क्षणी सुटका होते, आणि न बोलल्याने सुटका होते हे त्याच्या मनात आणखी पक्कं बसतं.

बाईंनी सुरुवातीची पाच-दहा मिनिटं एकही प्रश्न न विचारता शेजारी बसून खेळाचं नुसतं वर्णन करावं: ‘निळ्यावर पिवळा ठोकळा ठेवलास.’ मग दोन पर्याय द्यावेत: ‘लाल हवा की हिरवा?’ ‘हवा का?’ विचारलं तर मूल मान हलवून मोकळं होतं. विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. बहुतेक मोठी माणसं दुसऱ्याच आकड्याला स्वतः बोलून बसतात. उत्तर नाही आलं तर एकदाच पुन्हा विचारा, नंतर प्रश्न सोपा करा. आलं तर ‘लाल हवा, सांगितलंस ते छान’ एवढंच म्हणा आणि खेळ पुढे न्या.

खरी मेहनत पुढे आहे. शाळा भरण्याआधी १५-२० मिनिटं, आठवड्यातून तीनदा, रिकाम्या वर्गात आई आणि मूल आळीपाळीने अंक म्हणतात: आई एक, मूल दोन. आवाज नेहमीसारखा मोकळा झाला की दार उघडं ठेवून बाई बाहेरून जातात. पुढे त्या आत येऊन लांब कोपऱ्यात पाठ करून वह्या तपासतात. मग खुर्ची जवळ. मग अंकांच्या फेरीत तिसरा गडी म्हणून बाई. ते जमलं की आई दाराशी सरकते, नंतर व्हरांड्यात. शेवटी एक मित्र आत येतो.

एका वेळी माणूस, जागा किंवा काम यांतली एकच गोष्ट बदला. शुक्रवारी छान जमलं म्हणून सोमवारी दोन पायऱ्या एकदम चढायच्या, इथेच बहुतेकांचं फसतं. मूल पुन्हा गप्प झालं तर एक पायरी मागे या आणि तिथेच थोडे दिवस थांबा. कुजबुज ऐकायला कान जवळ नेऊ नका, नाहीतर कुजबुजीचीच सवय लागते.

तोंडी परीक्षेसाठी घरी वाचलेल्याचं रेकॉर्डिंग ग्राह्य धरा, पण मुलाला विचारल्याशिवाय ते कुणालाही ऐकवू नका.

सहा-आठ आठवडे नेटाने करूनही काही हललं नाही, तर बालमानसतज्ज्ञ गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरपासून सुरू झाला. त्यातून अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी मोफत होते, आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवलं जातं.

वर्गातल्या मुलांनाही आधीच सांगून ठेवा. ‘बाई, ही बोलतच नाही’ असं कुणी म्हणालं की उत्तर ठरलेलं असावं: ‘अजून बोलली नाही, बोलेल.’ आणि पहिला शब्द येईल त्या दिवशी ‘अय्या, बोलली!’ असा गलका होऊ देऊ नका. त्या गलक्याने मूल पुन्हा कित्येक आठवडे गप्प होऊ शकतं.