‘कॅशे’ हा इंग्रजी शब्द कसा समजून घ्यावा आणि मराठीत कसा आणावा

मलबार हिलचा पत्ता, ओव्हल मैदानासमोरची आर्ट डेको इमारत किंवा एखाद्या जुन्या क्लबचे सदस्यत्व यांच्याविषयीच्या इंग्रजी मजकुरात ‘कॅशे’ (cachet) हा शब्द भेटतो आणि त्याचे मराठी करताना बहुतेक जण ‘प्रतिष्ठा’ लिहून पुढे जातात. ढोबळ अर्थ त्यातून पोहोचतो, पण या शब्दाचे जे खास वैशिष्ट्य आहे ते निसटते. मुंबईत भाषांतर, बातमीदारी किंवा जाहिरातलेखन करणाऱ्यांना हा शब्द वारंवार हाताळावा लागतो, म्हणून तो मुळापासून समजून घेणे फायद्याचे आहे.

सर्वप्रथम उच्चार पक्का करावा. स्पेलिंगच्या शेवटी ‘टी’ असला तरी तो उच्चारला जात नाही. त्याच स्पेलिंगमधून शेवटचा ‘टी’ काढला की ‘कॅश’ हा वेगळा शब्द होतो, ज्याचा अर्थ लपवून ठेवलेला साठा असा आहे आणि संगणकातल्या तात्पुरत्या साठ्यालाही तेच नाव आहे. या साठ्याला ‘कॅशे’ म्हणणारे आयटी क्षेत्रातही भेटतात. गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण दोन्ही शब्द एकाच फ्रेंच क्रियापदातून आले आहेत. त्या क्रियापदाचा आजचा अर्थ ‘लपवणे’ असा असला तरी जुना अर्थ ‘दाबणे’ असा होता. त्यामागे ‘एकत्र रेटणे, भाग पाडणे’ या अर्थाचे लॅटिन मूळ आहे. दाबून लपवण्याच्या अर्थाने एक शब्द गेला आणि दाबून ठसा उमटवण्याच्या अर्थाने दुसरा.

हा दुसरा शब्द म्हणजे पत्र बंद करताना लाखेवर दाबायची लहान मुद्रा. फ्रान्सच्या राजाच्या अशा मुद्रेने बंद केलेल्या पत्रांना ‘लेत्र द काशे’ म्हणत. त्यांवर राजाची सही आणि मंत्र्याची प्रतिसही असे, आणि अशा पत्राच्या जोरावर कोणालाही खटल्याविना तुरुंगात टाकता येत असे. व्हॉल्तेअर १७१७ मध्ये बॅस्टिलच्या तुरुंगात गेला तो अशाच पत्रामुळे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये ही पद्धत रद्द झाली. मानमरातबाचा हा शब्द एके काळी धास्तीचा होता, हे ध्यानात ठेवावे, कारण त्यातले बळ कागदाचे किंवा मजकुराचे नव्हते, तर तो ठसा कोणाचा आहे यातून येणारे होते.

इंग्रजीत हा शब्द १७व्या शतकात मुद्रा याच अर्थाने शिरला आणि १९व्या शतकात त्याला प्रतिष्ठेचा लाक्षणिक अर्थ मिळाला. मूळ ठशाचा अर्थ टपालतिकिटांच्या संग्राहकांनी मात्र अजून जिवंत ठेवला आहे. विशेष पाकिटावर प्रसंगानुरूप छापलेल्या चित्राला किंवा उमटवलेल्या ठशाला ते कॅशेच म्हणतात. तिकीट रद्द करणारा टपालखात्याचा शिक्का तो वेगळा. मुंबईच्या जीपीओतल्या फिलाटेलिक ब्युरोत एखादे विशेष पाकीट हातात घेऊन पाहिले, तर दोहोंतला फरक लगेच कळतो.

यावरून आजच्या अर्थाची कसोटी मिळते. कॅशे ही स्वतःच्या गुणाने हळूहळू कमावलेली पत नव्हे, तर एखाद्या नावाजलेल्या गोष्टीशी जोडले गेल्याने अंगाला लागणारा मान आहे. क्रॉफर्ड मार्केटात पेटीवर ‘देवगड’ असे लिहिले असले की आतला आंबा चाखण्याआधीच गिऱ्हाईक अधिक भाव द्यायला तयार होते. ते नाव पेटीला जे देते, ते कॅशे. फळाची गोडी हा वेगळा प्रश्न. त्याचप्रमाणे मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतसमूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, तेव्हा घरांच्या भिंती बदलल्या नाहीत, कॅशे मात्र वाढले.

मराठी करताना खरी अडचण पुढेच आहे. मूळ अर्थ मुद्रा आहे म्हणून ‘शिक्का’ हाताशी घेण्याचा मोह होतो आणि तिथे घात होतो. मराठीत एखाद्यावर शिक्का बसतो तो बहुधा दोषाचा: गुन्हेगारीचा, नालायकीचा. ‘शिक्कामोर्तब’ या शब्दाची बैठक तर पत्रव्यवहाराचीच आहे. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर मुख्य मुद्रा आणि अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब असे. पण पत्र पुरे झाल्याची ती खूण असल्याने मराठीत तिच्यातून ‘कायम होणे, पक्के होणे’ हा अर्थ निघाला, मोठेपणाचा नव्हे. ‘छाप पाडणे’ आणि ‘ठसा उमटवणे’ यांत मान असतो, पण तो करणाऱ्याच्या कर्तृत्वाचा. वस्तू तीच, तरी दोन भाषांनी तिच्यातून वेगवेगळे अर्थ घडवले. (फारसी-अरबी ‘सिक्का’ तर इटलीमार्गे इंग्रजीत जाऊन साडीवरच्या टिकल्यांचे नाव, ‘सिक्विन’, होऊन बसला.)

म्हणून शब्द संदर्भाप्रमाणे निवडावा. पत्ता, संस्था किंवा वास्तू यांच्याबाबत ‘वलय’ मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण वलयही भोवतालून येते. बाजारातल्या नावासाठी ‘नावाचे वजन’ चालते. माणसाबद्दल लिहिताना ‘मान’ किंवा ‘रुबाब’ यांपैकी जो त्याला शोभेल तो घ्यावा. ‘पत’ शक्यतो टाळावा, कारण त्यात विश्वासाचा आणि उसनवारीचा भाव आहे. ‘लौकिक’ वापरावा तो दीर्घकाळच्या कामगिरीसाठीच.

इंग्रजीत स्वतः वापरताना हा शब्द सहसा एकवचनीच ठेवावा. एखाद्या गोष्टीला कॅशे असते, ती दुसऱ्या गोष्टीला कॅशे देते, किंवा तिचे कॅशे ओसरते. वाक्य लिहून झाल्यावर ‘हा मान आला कुठून?’ असे विचारावे. उत्तरात दुसरे एखादे नाव, ठिकाण किंवा घराणे सापडले तर शब्द योग्य जागी बसला आहे. उत्तर ‘त्याच्या स्वतःच्या कामातून’ असे आले, तर तिथे ‘रेप्युटेशन’ लिहावे.