फरसबी काळवंडते, ड्रेसिंग तळाशी साचतं? या चुका टाळा

फरसबी उकडायची आणि वर मोहरी-लिंबाचं ड्रेसिंग घालायचं, एवढंच तर काम. तरी ताटात येईपर्यंत शेंगा शेवाळी होतात आणि सगळा आंबटपणा वाडग्याच्या तळाशी उतरतो. दोष बहुतेक वेळा दोघांचाच: अवेळी पडलेल्या लिंबाचा आणि नको तिथे राहिलेल्या पाण्याचा.

आधी रंगाचं बघू. हरितद्रव्यात मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आम्ल मिळालं की ते निसटतं आणि हिरवा रंग मळकट होतो. शेंगांमध्ये स्वतःचीही आम्लं असतात. उघड्या पातेल्यात त्यांतली काही वाफेबरोबर निघून जातात, झाकण ठेवलं की परत पाण्यात पडतात. म्हणून पातेलं मोठं घ्या, पाणी खळखळू द्या, झाकण ठेवू नका. कुकर तर नकोच. चिमूटभर सोडा घालायची युक्ती बरेच जण सांगतात. रंग राहतो खरा, पण शेंगा गिळगिळीत होतात.

पुलावासाठी चिरतो तशी बारीक चिरू नका. शिरा काढून बोटभर तुकडे पुरेत. लिटरभर पाण्याला दोन लहान चमचे मीठ घाला. कोवळ्या शेंगांना चार-पाच मिनिटं लागतात, जून असतील तर सात. घड्याळापेक्षा दातावर भरवसा ठेवा: कच्चट वास आला तर अजून मिनिटभर. सॅलड म्हणून कच्ची फरसबी खाऊ नये, तिच्यातल्या लेक्टिन या प्रथिनाने पोट बिघडू शकतं.

मग गार पाण्यात टाका, निथळा आणि कापडावर पसरून कोरड्या करा. हीच पायरी सर्रास गाळली जाते. ओल्या शेंगेवर तेल धरत नाही.

ड्रेसिंगसाठी मोहरी फेसायची. पाव किलो शेंगांना लहान चमचाभर मोहरीची डाळ कुटून गार पाण्यात कालवा आणि दहा मिनिटं ठेवा. गरम पाणी घातलंत तर झणका उठतच नाही, नुसता कडवटपणा राहतो. नंतर मीठ, किंचित गूळ, एक मोठा चमचा लिंबाचा रस. शेवटी दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल बारीक धारेने, फेटत फेटत. तेल एकदम ओतलं की फाटतं. फाटलंच, तर दुसऱ्या वाटीत थोडी फेसलेली मोहरी घ्या आणि फाटलेलं ड्रेसिंग तिच्यात चमचा-चमचा घालत फेटा. आंबट झालं तर साखर ओतत बसू नका, दाण्याचं कूट घाला; ड्रेसिंग दाटही होतं.

पदार्थ व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीही नसलेला, हवा असेल तर गुळाऐवजी मध चालत नाही. बिनअंड्याच्या मेयोनीजमध्येही दुधाची पावडर असू शकते, पाकिटामागची यादी वाचा.

ड्रेसिंग वाढायच्या वेळीच घाला. डब्यात न्यायचं असेल तर वेगळ्या बाटलीत. घालून तासभर ठेवलेल्या शेंगांचा रंग काही परत येत नाही. अशा वेळी वरून तेलात हिंग-मिरचीची फोडणी द्या, भरपूर कोथिंबीर भुरभुरा आणि कोशिंबीर म्हणून वाढा.