शंभरातले किती पोचतात, ते आधी विचारा

फोनवर कुणी देणगी मागितली की आपल्या मनात एकच शंका येते: ही संस्था खरी की खोटी? शंका रास्त आहे, पण तेवढ्याने भागत नाही. संस्था खरी असते, नोंदणीकृत असते, छापील पावतीही घरी येते, आणि तरीही आपण दिलेल्या शंभरातले दहा-पंधरा रुपयेच तिच्या हाती पडतात, असे होऊ शकते. म्हणून देणगीचा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. शंभरातले किती संस्थेला आणि किती फोन करणाऱ्या कंपनीला?

मी गोव्यातल्या फोंड्याची. पतसंस्थेत कॅशियर होते, आता गावच्या वाचनालयाचे हिशेब बघते. भाच्याने मला एचबीओची ‘टेलिमार्केटर्स’ ही २०२३ सालची तीन भागांची माहितीपट मालिका लावून दिली, आणि ती बघितल्यापासून आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत मी हा विषय पुन्हा पुन्हा काढते. मालिका अमेरिकेतली आहे, पण तिच्यातली युक्ती कळली की आपल्याकडचा फोन कसा हाताळायचा ते आपोआप कळते.

न्यू जर्सीमध्ये सिव्हिक डेव्हलपमेंट ग्रुप नावाची कंपनी होती. पोलिसांच्या, अग्निशामकांच्या संघटनांसाठी ती लोकांना फोन करून देणग्या गोळा करायची. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला सॅम लिपमन-स्टर्न तिथे कामाला लागला आणि ऑफिसमध्ये जे चालायचे ते कॅमेऱ्याने टिपत राहिला. त्याचा सहकारी पॅट्रिक पेस्पस हा तिथला पट्टीचा बोलणारा. पुढे हे दोघेच या धंद्याच्या मागे लागले. मालिका उभी राहिली ती त्यातून, सॅम स्वतः तिच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक.

आता त्यातली युक्ती सांगते, कारण सगळे शिकायचे ते तिथेच आहे. पैसे खरोखर पोलिसांना जातात का, असे देणगीदार विचारायचे. त्यावर कंपनीची माणसे सांगायची, शंभर टक्के संस्थेलाच जातात. कागदावर ती सोय करून ठेवलेली होती. कंपनी स्वतःला देणगी गोळा करणारी न म्हणवता सल्लागार म्हणवायची. पैसे आधी संस्थेच्या नावावर दाखवायचे आणि मग सल्ला, माणसे, फोन असल्या खर्चापोटी त्यातला बहुतेक भाग कंपनीने उचलायचा. संस्थेकडे उरायचे दहा ते पंधरा टक्के. १९९८ मध्येच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी आयोगाने, या कंपनीविरुद्ध दिशाभूल न करण्याचा आदेश मिळवला होता. तो मोडल्याबद्दल २०१० मध्ये १ कोटी ८८ लाख डॉलरचा दंड झाला आणि देणग्या मागण्यावर मालकांना कायमची बंदी आली. दंडापोटी त्यांना जे काही सोडून द्यावे लागले, त्यात पिकासो आणि व्हॅन गॉग यांची चित्रे होती, आठ लाख डॉलरच्या गिटारी होत्या, बेंटली गाडी होती. ‘आमच्या शूर पोलिसांसाठी’ म्हणून एखाद्या पेन्शनर म्हाताऱ्याने दिलेल्या पंचवीस डॉलरचे पुढे काय झाले, ते त्या यादीत दिसते. ती वाचताना मला फार राग आला होता, अजून येतो.

एवढे टक्के ठेवायला कायद्याने मनाई का नाही, असे बैठकीत कुणीतरी विचारतेच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवले की देणगी मागणे हे भाषणस्वातंत्र्यात येते, त्यामुळे मधल्या कंपनीने किती टक्के घ्यावेत यावर सरकारला सरसकट मर्यादा घालता येणार नाही, आणि कंपनीला तो आकडा आपणहून सांगायची सक्तीही करता येणार नाही. २००३ च्या निकालात त्याच न्यायालयाने म्हटले की पैसा कुठे जातो याबद्दल देणगीदाराशी खोटे बोलले तर मात्र फसवणुकीचा दावा चालेल. म्हणजे पंच्याऐंशी टक्के घेणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही, त्याबद्दल खोटे सांगणे हा ठरतो. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, पण एक गोष्ट इथेही तितकीच लागू आहे. आपण विचारल्याशिवाय समोरचा आकडा सांगत नाही.

फोनवर कसे बोलावे

माझी मावशी म्हार्दोळला राहते. एका दुपारी ती जायांची फाती, म्हणजे जाईच्या फुलांचे गजरे, गुंफत बसली होती, फोन बाजूला स्पीकरवर. पलीकडून एक मुलगी बोलत होती: “माताजी, बच्चे का ऑपरेशन कल सुबह है, सिर्फ ग्यारह सौ रुपये कम पड रहे हैं.” मावशीचे हात थांबले. ती डोळे पुसत माझ्याकडे बघायला लागली. मी मुलीला शांतपणे विचारले, बाळ, तू संस्थेची नोकर आहेस की दुसऱ्या कंपनीची? क्षणभर काही नाही. मग कागद उलटल्याचा आवाज आला आणि तिने मघाचेच वाक्य पहिल्यापासून पुन्हा सुरू केले. मी परत विचारले, अकराशेतले तुमच्या कंपनीला किती? ती म्हणाली, “सर से बात कराती हूँ.” सर काही आले नाहीत, फोन बंद झाला.

त्या मुलीवर मी ओरडले नाही, तुम्हीही ओरडू नका. मालिकेत स्पष्ट दिसते की फोनवर बसलेली माणसे बहुतेक गरजेपोटी आलेली, तुरुंगातून सुटलेली, दुसरीकडे कामावर कुणी न घेणारी. त्यांच्या हातात छापील मजकूर असतो आणि आपण नाही म्हटले तर पुढे काय बोलायचे तेही त्यावर लिहिलेले असते. आपले प्रत्येक कारण त्यांना आधीच ठाऊक असते. ‘आत्ता पैसे नाहीत’ म्हटले की रक्कम खाली येते. ‘मुलाला विचारून सांगते’ म्हटले की ‘अहो, पुण्यकर्माला विचारायचे कशाला’ असे उत्तर येते. त्यामुळे कारणे देऊच नका. प्रश्न विचारा, कारण प्रश्नांची उत्तरे त्या कागदावर सहसा नसतात.

मी विचारते ते असे. संस्थेचे नोंदणीतले पूर्ण नाव काय? नोंदणी कुठे आणि कोणत्या कायद्याखाली? तुमचा पगार कोण देते? शंभरातले संस्थेला किती उरतात? हे सगळे संस्थेच्या कागदावर लिहून पाठवाल का? आणि शेवटी एकच वाक्य: “मी फोनवर देणगी देत नाही, कागद बघून पाठवते.” खऱ्या संस्थेला या वाक्याचे वाईट वाटत नाही. ‘आजच द्या, आत्ताच द्या’ असा धोशा ज्याने लावला त्याला देऊ नका, मग मूल कितीही आजारी असो. ज्या मुलाचे ऑपरेशन उद्या सकाळी आहे, त्याचे उपचार तुमच्या अकराशेसाठी इस्पितळ अडवून ठेवत नाही.

कागद तपासताना

महाराष्ट्रातले ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. आपल्या गोव्यात मंडळे, वाचनालये, क्लब बहुतेक १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेले. संस्था कुठली आहे त्यावरून कागद कोणता मागायचा ते ठरवा. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवर संस्थेचे नाव शोधता येते. तिथल्या क्रमांकात राज्याची इंग्रजी अक्षरे आणि नोंदणीचे वर्ष असते. फोनवरचा माणूस गोव्याची संस्था म्हणतो आणि क्रमांक दुसऱ्याच राज्याचा निघतो, तेव्हा पुढचे बोलणे तिथेच थांबवा. मात्र दर्पणवर नाव आहे म्हणजे संस्था सचोटीची आहे, असे समजू नका. तिथे नोंद असते, कामाची परीक्षा झालेली नसते.

करसवलतीचे गाजर फार दाखवतात, म्हणून थोडे सविस्तर सांगते. देणगीवर आयकरात मिळणारी ८०जीची वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही. तुम्ही जुन्या प्रणालीत नसाल तर ‘टॅक्स वाचेल’ या बोलण्याला तुमच्यापुरता काही अर्थ नाही. जुन्या प्रणालीत असाल तरी दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. आणि २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून नुसत्या पावतीवर काम होत नाही. संस्थेने देणग्यांचे विवरण आयकर खात्याला भरायचे आणि त्यातून तयार होणारे १०बीई नावाचे प्रमाणपत्र तुम्हाला द्यायचे, अशी पद्धत आली. म्हणून फोनवरच विचारून टाका, १०बीई देणार ना? ज्याची संस्था खरोखर हिशेब ठेवते त्याला हा शब्द नवा नसतो. काउंटरवर इतकी वर्षे बसल्यामुळे मला एवढे नक्की कळते की हिशेब ठेवणारा माणूस हिशेबाचा प्रश्न आला की गोंधळत नाही.

आजारी मुलाच्या नावाने फोन आला तर इस्पितळ कोणते ते विचारा आणि तिथला नंबर स्वतः शोधून फोन लावा, त्यांनी दिलेल्या नंबरावर नको. बांबोळीच्या गोमेकॉचे, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळाचे, नाव सांगितले तर तिथे वैद्यकीय समाजसेवक असतात, गरजू रुग्णांची त्यांना माहिती असते. २०१६ पासून गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिच्यात तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण मिळते. गोव्यातल्या मुलासाठी मागत असतील तर या योजनेच्या कार्डाचे काय झाले, हे विचारायलाच हवे. खरी गरज असेल आणि द्यायचेच असेल तर रुग्णाच्या नावाने थेट इस्पितळाच्या काउंटरवर भरा.

पैसे पाठवताना यूपीआयवर पिन टाकायच्या आधी समोरच्याचे बँकेतले नाव दिसते. ते थांबून वाचा. संस्थेच्या ऐवजी कुणा व्यक्तीचे नाव दिसले तर परत फिरा. महिन्याला थोडे थोडे द्या असे म्हणत असतील तर जास्त सांभाळा, कारण तेव्हा तुम्ही एकदा दिलेल्या मंजुरीवर दर महिन्याला पैसे आपोआप जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये यूपीआय ॲपचा ऑटोपे भाग एकदा उघडून बघा, नको असलेली मंजुरी तिथून रद्द करता येते. मंजुरी बँकेतून दिलेली असेल तर शाखेत अर्ज देता येतो.

फसवून पैसे गेलेच तर त्याच घटकेला सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन करा, मग बँकेला. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नाहीत, पण फोन संशयास्पद वाटला, तर संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये नंबर कळवता येतो. घरी कुणी फसले तर त्यांना बोल लावू नका. बोल बसतो या भीतीने माणसे दोन-दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसा हाताबाहेर जातो.

ज्यांच्या हातात संस्था आहे त्यांच्यासाठी

देवस्थानाच्या, वाचनालयाच्या, नाट्यमंडळाच्या समितीवर असलेल्यांनी हा भाग मुद्दाम वाचावा. मालिकेत मला सर्वात जास्त लागली ती पोलिसांच्या संघटनांची वागणूक. आपल्या नावावर गोळा होणाऱ्या पैशातले किरकोळ पैसे आपल्याला मिळतात, हे त्यांना माहीत असायचे. तरी बसल्या जागी येतात ना, म्हणून त्या नाव वापरू द्यायच्या.

आपल्याकडे चवथीच्या तोंडावर, जत्रेच्या आधी, स्मरणिका काढायच्या वेळी असे प्रस्ताव येऊ शकतात. ‘तुम्ही फक्त लेटरहेड द्या, फोन आम्ही करतो, तुम्हाला काही खर्च नाही.’ प्रस्ताव लेखी मागा आणि समितीच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचा. देणगी थेट संस्थेच्या खात्यात येणार का, कंपनीचा मोबदला ठरावीक रकमेत आहे की टक्क्यांत, देणगीदारांची यादी शेवटी कुणाकडे राहणार, फोनवर बोलायचा मजकूर आधी समितीला दाखवणार का, ही चार उत्तरे करारात असलीच पाहिजेत. मोबदल्याला सल्ल्याची फी असे नाव दिले असेल तर ती रक्कम एकूण देणगीच्या किती टक्के होते ते गणित तिथेच मांडा.

पावतीपुस्तके छापताना क्रमांक सलग घ्या, कुणाला कोणते पुस्तक दिले ते वहीत सहीनिशी लिहा, आणि वाया गेलेली पावतीही फाडून न टाकता पुस्तकातच ठेवा. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती हे फळ्यावर लावा, तेही देणगीदार येतात-जातात त्या दाराजवळ. आमच्या वाचनालयात तो फळा वर्तमानपत्रांच्या टेबलासमोर आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आकडे बदलले नाहीत तर वाचक मला विचारायला येतात.