दुरँगो ते माँट्रोज: कोलोरॅडोच्या घाटवाटेला निघण्यापूर्वी

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील यूएस ५५० महामार्गाचा दुरँगो ते माँट्रोज हा टप्पा जेमतेम १७५ किलोमीटरचा आहे, म्हणून कोणी तो एका दुपारीत उरकण्याचा बेत आखू नये. सान हुआन पर्वतातील तीन खिंडी ओलांडणारा हा रस्ता खाणींच्या पायी घडला आहे; त्यामुळे वाटेवरचे प्रत्येक गाव कशामुळे वसले हे निघण्यापूर्वी वाचून ठेवणे, हे माझ्या मते तयारीतले पहिले काम होय.

दुरँगोपासून आरंभ करावा. १८८० मध्ये ॲनिमस सिटी या जुन्या गावाने रेल्वे कंपनीच्या अटी मान्य केल्या नाहीत, तेव्हा कंपनीने जवळच नवे गाव वसवले. तेच दुरँगो, आणि जुने गाव पुढे त्याच्यातच सामावले. येथे इंधनाची टाकी भरावी, टायर आणि ब्रेक तपासून घ्यावेत आणि नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा, कारण घाटात नेटवर्कचा भरवसा नाही. दुरँगो सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे, तर रेड माउंटन खिंड ३,३५८ मीटरवर; विरळ हवेची सवय नसेल तर एक मुक्काम येथेच करावा आणि पाणी भरपूर सोबत ठेवावे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांचा पाऊस येतो, तेव्हा सकाळी लवकर निघावे. हिवाळ्यात जाणे असेल तर बर्फाचे टायर किंवा साखळ्या हव्यातच, शिवाय हिमस्खलनाच्या धोक्यामुळे रस्ता बंद ठेवतात, म्हणून निघण्याच्या दिवशी चौकशी करावी.

सिल्व्हरटन हे चांदीचे गाव. १८७३ च्या करारान्वये यूट या येथल्या मूळनिवासी लोकांना हा डोंगराळ मुलूख सोडावा लागला, त्यानंतर लगेच, १८७४ मध्ये ते वसले. १८८२ मध्ये येथे आलेली अरुंद मार्गाची रेल्वे आजही दुरँगोहून धावते.

खरी दक्षता सिल्व्हरटन ते यूरे या टप्प्यात हवी. यूरेच्या बाजूचा मूळ रस्ता टोलरस्ते बांधणारे ऑटो मियर्स यांनी १८८० च्या दशकात कडा फोडून काढला आणि बेअर क्रीक धबधब्यापाशी टोलनाका बसवला. आजही तेथे पुलावर उभे राहिले की पायांखालून पाणी दरीत कोसळताना दिसते. कड्याला बहुतेक ठिकाणी कठडा नाही, कारण हिवाळ्यात बर्फ दरीत ढकलावा लागतो. वाहतूक उजवीकडून चालत असल्याने उत्तरेकडे जाताना गाडी डोंगराच्या अंगाने राहते आणि यूरेहून परतताना दरीच्या काठाने. पहिल्यांदा जाणाऱ्याने, विशेषतः डावीकडून चालवण्याची सवय असलेल्याने, दुरँगोहूनच निघावे हे बरे. उतारावर सतत ब्रेक दाबून न ठेवता गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यावी, आणि लोहाच्या संयुगांनी तांबडे झालेले डोंगर पाहायचे असतील तर गाडी बाजूच्या थांब्यावरच उभी करावी.

यूरेला गरम पाण्याचे झरे आहेत, तेथे रात्रीचा मुक्काम धरावा. गावाला नाव यूट प्रमुख यूरे यांचे आहे. ते १८८० मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या लोकांना शेजारच्या युटा प्रदेशाकडे हाकलण्यात आले. पुढे दरी रुंदावते आणि माँट्रोजची शेती लागते. तिला पाणी गनिसन नदीवरून १९०९ मध्ये सुरू झालेल्या बोगद्यातून मिळते. माँट्रोजचे यूट संग्रहालय यूरे आणि त्यांच्या पत्नी चिपेटा यांच्या शेताच्या जागेवर उभे असून चिपेटांची समाधीही तेथेच आहे. त्याच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी ते बंद होण्यापूर्वी निदान दोन तास हाती राहतील, अशा बेताने यूरे सोडावे.